उसना गळा आणि स्वतःचा सूर

बेळगावजवळच्या सुळेभावी गावी १९२४ साली जन्मलेला शिवपुत्र कोमकळी हा मुलगा अगदी लहानपणी थोर गवयांच्या तबकड्या ऐके आणि त्या जशाच्या तशा गळ्यातून उतरवून दाखवी. तान कोठे उचलली, श्वास कोठे घेतला, समेवर येताना आवाज किती कमी केला, यांपैकी काहीही त्याच्या नजरेतून, किंबहुना कानातून, सुटत नसे. ऐकणारे थक्क होत. ‘कुमार गंधर्व’ ही पदवी त्याला मिळाली ती याच वयात. पुढे मुंबईस प्रोफेसर बी. आर. देवधर यांच्याकडे आल्यावर मात्र या मुलाला गाणे मुळापासून शिकावे लागले. इतरांचे गाणे पाठ असणे आणि गाणे येणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे तेथे त्याला उमगले. आणि म्हणूनच पुढचे कुमार गंधर्व घडले.

विसाव्या शतकात तबकडी हा कित्येकांचा पहिला गुरू ठरला. गदगच्या लहानग्या भीमसेन जोशींनी दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकली आणि गुरूच्या शोधात घर सोडले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. परंतु या गुरूत एक मोठी उणीव आहे. समोर बसलेला गुरू शिष्याची चूक सुधारतो, आणि वेळ येताच ‘आता माझे पुरे, तुझे काय ते गा’ असेही बजावतो. तबकडी हे दुसरे वाक्य कधीच बोलत नाही. ती शंभर वेळा लावली तरी तेच गाणे गाते. तेव्हा तबकडीपाशी शिकलेल्या गायकाने तिच्यापासून सुटावे कसे, हा प्रश्न उरतो. शास्त्रीय गायकाला घराण्याचा आधार असतो. चित्रपटगीते गाणाऱ्याला तोही नाही. त्याच्यापुढे हा प्रश्न किती बिकट होऊन उभा राहतो, हे पाहावयाचे तर फरीदाबादेस जन्मलेल्या सोनू निगम या गायकाच्या ध्वनिमुद्रित गाण्यांचा मागोवा घेणे उद्‌बोधक ठरेल.

फरीदाबाद हे दिल्लीच्या दक्षिणेस, आग्र्याच्या वाटेवर वसलेले नगर. जहांगीर बादशहाचा खजिनदार शेख फरीद याने ते १६०७ साली वसविले असे सांगतात. संत सूरदासांचे जन्मग्राम म्हणून परंपरा ज्या सीही गावाकडे बोट दाखविते, ते आज याच शहरात सामावले आहे. परंतु सध्याचे फरीदाबाद घडविले ते फाळणीने. वायव्य सरहद्द प्रांतातून उखडून आलेल्या निर्वासितांसाठी १९४९ साली येथे नवे औद्योगिक नगर उभारण्याचे ठरले. त्यासाठी नेमलेल्या मंडळाचे अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद होते, पंडित नेहरू जातीने लक्ष घालीत, आणि कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या सहकारी संघाने निर्वासितांच्या हातून घरे बांधवून घेतली. पुढे कारखाने आले, त्यांच्या मागोमाग ठिकठिकाणची माणसे आली. अशा गावात जुनी दरबारी मैफल नसते. तेथे संगीत असते ते लग्नसमारंभात, मेळाव्यात आणि रेडिओवर.

या गावी ३० जुलै १९७३ रोजी सोनू निगम यांचा जन्म झाला. वडील अगमकुमार निगम हे लग्नसमारंभातून व कार्यक्रमांतून गाणारे गायक. चार वर्षांचा मुलगा एके दिवशी त्यांच्याबरोबर रंगमंचावर चढला आणि महंमद रफींचे त्या वेळी गाजत असलेले एक चित्रपटगीत गाऊ लागला. तेव्हापासून तो वडिलांबरोबर गातच राहिला. ज्यांनी आपल्याकडचे वाद्यवृंद ऐकले आहेत त्यांना या शाळेचा एकमेव नियम ठाऊक आहे. श्रोत्याला तेथे गाणे हवे असते ते तबकडीसारखेच. मूळ गायकापासून जितके दूर जावे तितकी टाळी कमी. हुबेहूबपणा हा तेथे दोष नसून तोच धर्म मानला जातो.

अठराव्या वर्षी सोनू निगम वडिलांसह मुंबईस आले. तेथे रामपूर-सहसवान घराण्याचे उस्ताद गुलाम मुस्तफा खाँ यांच्याकडे त्यांनी शिक्षण घेतले. परंतु पोटाला काम मिळाले ते पुन्हा हुबेहूबपणाचेच, आणि त्यामागे बाजारातील एक मोठे स्थित्यंतर होते.

ते स्थित्यंतर म्हणजे कॅसेट. तबकडी छापावयास मोठा कारखाना लागे; त्यामुळे आपल्याकडे तो व्यवसाय दीर्घकाळ एका कंपनीच्या हाती राहिला. चुंबकीय फितीची कॅसेट मात्र थोड्या भांडवलात, थोड्या जागेत भरता येई. १९८३ साली गुलशन कुमार यांनी टी-सिरीज ही कंपनी काढली आणि स्वस्त कॅसेटी गावोगावच्या टपऱ्यांवर पोचविल्या. महंमद रफी ३१ जुलै १९८० रोजी निवर्तले होते. त्यांच्या गाण्यांना मागणी अफाट होती, परंतु मूळ मुद्रणे जुन्या कंपनीच्या मालकीची. यावर नव्या कंपन्यांनी तोड काढली. तेच गीत, तीच चाल, परंतु नवा गायक आणि नवे मुद्रण. व्यवसायाच्या भाषेत याला ‘व्हर्शन’ म्हणत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात याला वाट होती. रीतसर सूचना देऊन आणि गीताच्या व चालीच्या मालकाला मानधन भरून जुने गाणे नव्याने मुद्रित करता येई. ‘रफी की यादें’ या नावाने निघालेल्या कॅसेटींत सोनू निगम गायले ते या वाटेने. कॅसेटवर नाव त्यांचे, परंतु विकत घेणारा घेई ती रफींची आठवण.

ज्या उन्हाळ्यात सोनू निगम जन्मले, त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातही जुन्या मुद्रणांतून काही नवे जन्मत होते. ११ ऑगस्ट १९७३ रोजी जमैकाहून आलेल्या कूल हर्क या तरुणाने एका समारंभात एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावल्या आणि गाण्यातील केवळ तालवाद्यांचा तुकडा आळीपाळीने वाजवीत तो लांबविला. कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनागीतांतून उपजलेल्या ‘सोल’ गायकीच्या, जेम्स ब्राऊन यांच्यासारख्यांच्या, तबकड्या त्यासाठी वापरात येत. त्या तालावर पुढे तरुण लयबद्ध बोलू लागले. हिपहॉप संगीताचा उगम असा सांगितला जातो.

जुन्या मुद्रणाशी व्यवहार करण्याच्या या दोन रीती शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. ‘व्हर्शन’मध्ये जुनी तबकडी अस्पर्श राहते आणि नवा गळा तिची प्रतिकृती करतो. हिपहॉपमध्ये जुनी तबकडीच कापून तिचा तुकडा घेतला जातो, परंतु त्यावरचे बोल बोलणाऱ्याचे स्वतःचे असतात. पहिल्या रीतीत कायदा सांभाळला जातो आणि आवाज हरवण्याचे भय राहते. दुसरीत आवाज सापडतो आणि कायद्याशी गाठ पडते. १७ डिसेंबर १९९१ रोजी न्यूयॉर्कच्या न्यायालयाने विनापरवाना तुकडा वापरणे हा अपहार ठरविला आणि त्यानंतर अमेरिकेत अशा प्रत्येक तुकड्याची परवानगी घेणे भाग पडू लागले. एकूण पाहता जुन्या आवाजाचे ऋण दोन्हीकडे आहे. ते फेडावयाचे कसे, एवढाच काय तो भेद.

सोनू निगम यांना हे ऋण जड गेले. १९९५ च्या ‘बेवफा सनम’ या चित्रपटातील गाण्याने त्यांचे नाव घराघरांत पोचले खरे, परंतु ती रचनाही सीमेपलीकडच्या अताउल्ला खाँ ईसाखेलवी यांच्या गाजलेल्या गाण्यावर आधारलेली होती. चांगला आवाज, तयार गळा, परंतु ‘दुसरे रफी’, असा शिक्का त्यांच्यावर बसला. असा शिक्का वरवर गौरवाचा दिसतो. वस्तुतः तो गायकाला सांगत असतो की, तुमच्याविना आमचे अडणार नाही, कारण पहिले रफी आमच्यापाशी आहेतच.

१९९७ हे वर्ष या दृष्टीने निर्णायक ठरले. ‘बॉर्डर’ या चित्रपटात अनू मलिक यांनी स्वरबद्ध केलेले सैनिकांच्या पत्रांचे गाणे त्यांनी रूपकुमार राठोड यांच्यासह गायिले. दहा मिनिटांहून अधिक लांबीचे हे गाणे गळ्याच्या करामतीवर उभे नाही. साध्या, बोलल्यासारख्या शब्दफेकीवर ते तरले आहे. त्याच वर्षी ‘परदेस’ चित्रपटात नदीम-श्रवण यांच्यासाठी त्यांनी पाश्चात्त्य वळणाचे, धावत्या लयीचे, काहीसे बेफाम गीत गायिले. त्यात रफींच्या गायकीचा आधार घेण्यास जागाच नव्हती. नव्या धर्तीची रचना समोर आली की जुनी नक्कल आपोआप निरुपयोगी होते, आणि गायकाला स्वतःपाशी काय आहे ते काढून दाखवावे लागते. पुढच्या वर्षी ‘दिल से’मध्ये ए. आर. रहमान यांच्या रचनेने त्यांच्याकडून आणखी वेगळे काम करवून घेतले.

मग ‘स्वतःचा आवाज’ म्हणजे नेमके काय? रफींच्या काळी गायक व वादक एकत्र उभे राहून एका दमात गाणे मुद्रित करीत. आवाज वाद्यमेळावर उठून दिसावा लागे. म्हणून रफींच्या गाण्यात खुली फेक आहे, स्वरांना भरदार गोलाई आहे, तारसप्तकात लखलखीत तेज आहे. सोनू निगम यांच्या पिढीत गायक बंद खोलीत एकटा गाऊ लागला. वाद्ये निराळ्या पट्टीवर निराळ्या वेळी मुद्रित होऊ लागली. ध्वनिग्राहक ओठांच्या इतका जवळ आला की निःश्वासही गाण्याचा भाग होऊ शकला. हळू गाऊनही स्वर ढळू न देणे, शब्द संपल्यावर उरलेला श्वास भावासाठी वापरणे, ही त्यांची कमाई आहे, आणि ती रफींच्या गाण्यातून उसनी घेता येण्याजोगी नव्हती. १९९९ च्या ‘दीवाना’ या चित्रपटाबाहेरील गीतांच्या संचात ती प्रथम ठळक झाली. २००३ च्या ‘कल हो ना हो’ चित्रपटातील शीर्षकगीताबद्दल त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तोही याच गायकीला.

मराठी श्रोत्यांना या कमाईचा सर्वांत स्पष्ट प्रत्यय देणारे गाणे अजय-अतुल या मराठी संगीतकार बंधूंचे आहे. २०१२ च्या ‘अग्निपथ’मधील ‘अभी मुझ में कहीं’ हे गीत खालच्या सुरांत, जवळजवळ स्वतःशीच बोलावे तसे उघडते आणि पायरीपायरीने तंतुवाद्यांच्या विशाल मेळापर्यंत चढते. आरंभी नव्या काळची कुजबुज आणि शेवटी रफींच्या वारशातील खुली फेक, अशी दोन्ही टोके एकाच गाण्यात भेटतात. गुरूचे ऋण येथे नाकारलेले नाही. ते पचविलेले आहे.

परभाषेत गाताना तर ‘दुसरे रफी’ होऊन भागतच नाही. ‘नवरा माझा नवसाचा’ (२००४) आणि ‘दुनियादारी’ (२०१३) या मराठी चित्रपटांतील त्यांची गाणी मराठी श्रोत्यांनी आपलीशी केली. कर्नाटकात २००६ च्या ‘मुंगारू मळे’मध्ये जयंत कायकिणी यांच्या शब्दांना त्यांनी दिलेला आवाज तर घरचाच मानला गेला. याच काळात, २००८ साली, त्यांनी बर्मिंगहॅमच्या सिंफनी वाद्यवृंदाच्या साथीने रफींची गाणी पुन्हा मुद्रित केली. बाहेरून पाहता हे पुन्हा ‘व्हर्शन’च होते. परंतु नाव करण्यासाठी रफी गाणे आणि नाव झाल्यावर रफींना वंदन करणे, यांत शिष्य व अनुयायी यांच्यातील अंतर आहे.

राहता राहिला प्रश्न ऋणाच्या दुसऱ्या बाजूचा: या गाण्यांचे फळ कोणाला? चित्रपटगायकाला एकदा बिदागी दिली की त्याचा संबंध संपला, अशी आपल्याकडील जुनी रीत. साठीच्या दशकात लता मंगेशकर यांनी गायकाला मानधनाचा वाटा मिळावा अशी मागणी केली, तेव्हा बिदागी घेतल्यावर आपला हक्क उरत नाही असे रफी प्रामाणिकपणे मानीत. या मतभेदापायी दोघांचे एकत्र गाणे काही वर्षे थांबले होते. २०१२ च्या दुरुस्तीने कायदा लतादीदींच्या बाजूस झुकला. ध्वनिमुद्रणाचा व्यापारी उपयोग झाल्यास गायकालाही त्यात वाटा मिळावा असे ठरले, आणि २०१३ साली गायकांची हक्कसंस्था स्थापन झाली. या मागणीसाठी जाहीरपणे उभे राहिलेल्यांत सोनू निगम होते. रफींना आयुष्यभर दैवत मानणाऱ्या गायकाने या एका बाबतीत दैवताहून वेगळे मत धरावे, यातही तोच स्वतःचा सूर ऐकू येतो. त्याच दुरुस्तीने ‘व्हर्शन’वरही नवी बंधने घातली. मूळ मुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षे लोटल्यावाचून तसे मुद्रण करता येत नाही, आणि मूळ रचनेत मनमानी बदलही करता येत नाहीत.

२०२२ साली सोनू निगम यांना पद्मश्री मिळाली. तोवर ध्वनिमुद्रण खिशातल्या यंत्रात येऊन बसले होते. २०१४ साली कुर्ल्याच्या नेझी या तरुण रॅपगायकाने ‘आफत’ हे पहिले गाणे हातातल्या टॅबलेटवरच मुद्रित केले आणि मुंबईच्या गल्लीची बोली देशभर ऐकू गेली. आज कोणत्याही गावच्या मुलाला जगातील कोणत्याही गायकाची नक्कल घरबसल्या करता येते, आणि यंत्र तर गेलेल्या गायकाचा आवाजही बनवून देऊ लागले आहे. अशा वेळी फरीदाबादच्या लग्नमंडपात सुरू झालेली ही वाटचाल काही सांगून जाते. नकलेने आरंभ करण्यात लाज नाही. कुमारांनीही तोच केला. ज्या दिवशी तबकडी मनातल्या मनात थांबते आणि तरीही गळा गात राहतो, त्या दिवसापासून गायकाचे स्वतःचे गाणे सुरू होते.