विठ्ठलाशी भांडणारी श्रद्धा

2020 च्या आषाढीला माउली आणि तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि लाखो वारकरी घरीच राहिले. साथीमुळे मंदिर मार्चपासूनच बंद होतं. देवच कुलपात, मग गाऱ्हाणं कुणापुढे घालायचं, असं तेव्हा अनेकांना वाटलं. पण बंद दाराबाहेरून विठ्ठलाला हाक मारणारे आपल्याकडे शतकानुशतकं होते. संकटात देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे नेमकं काय, हे मला त्यांच्याकडून आणि तुकोबांकडूनच उमगत आलंय.

1630 च्या सुमारास दख्खनमध्ये पाऊस पडला नाही आणि पुढची दोनेक वर्षं माणसं अन्नावाचून मेली. तुकोबांच्या, देहूच्या मोरे घराण्यात महाजनकी होती, वाणसवदा होता, सावकारी होती. सगळं बुडालं. थोरली बायको रखमा भुकेने गेली, लेक संतूही गेला. अशा वेळी तुकोबांनी काय केलं? मोडकळीला आलेलं विठ्ठलाचं देऊळ दुरुस्त करायला घेतलं. भामचंद्र आणि भंडारा डोंगरावर जाऊन बसले. आणि परंपरा सांगते की घरातली कर्जखतं बाहेर काढून निम्मी धाकट्या भावाला, कान्होबाला दिली, आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. मला यातली ही खतं फार महत्त्वाची वाटतात. ज्यांच्याकडून येणं होतं, तेही त्याच दुष्काळात होरपळलेले शेजारीपाजारी होते. तुकोबांच्या प्रार्थनेने पाऊस पाडला नाही, पण कुणाच्या तरी डोक्यावरचं कर्ज उतरवलं. आणि हेच तुकोबा एका अभंगात, आपल्यापुरता देव मेला, असंही बोलून जातात. इतकं टोकाचं बोलूनही त्यांनी नाम सोडलं नाही.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा घरोघरी ठाऊक आहे. तिच्यातला क्रम तेवढा पाहावा. बादशहाची कोठारं त्यांनी भुकेल्यांसाठी आधी उघडली, विठ्ठल विठू महार होऊन त्या धान्याची रक्कम भरायला नंतर गेला.

मंगळवेढ्याचेच चोखोबा. त्यांच्यावरचं संकट दोन-तीन वर्षांत सरणारं नव्हतं, ते जातीमुळे जन्माबरोबर आलेलं होतं. गावकुसाचं काम करताना भिंत कोसळली आणि ते इतर मजुरांसह गाडले गेले. ते साल 1338 मानतात. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून पंढरपूरच्या मंदिराच्या महाद्वारापाशी समाधी बांधली. चोखोबा, सोयराबाई आणि लेक कर्ममेळा या तिघांचे अभंग एका बैठकीत वाचावेत. बाप कळवळून विनवतो, आई शिवाशिवीच्या मुळावरच बोट ठेवते, मुलगा तर, आम्हाला हा जन्म का दिलास, असा थेट जाब विचारतो. याला कुणी अश्रद्धा म्हणेल, मी म्हणणार नाही. ऐकून घेणारा कुणी आहे अशी खात्री असल्याशिवाय माणूस इतकं पोटतिडकीने भांडत नाही.

चोखोबांच्या लेकरांसाठी मात्र देवळाचं दार पुढेही सहाशे वर्षं बंदच राहिलं. ते उघडावं म्हणून साने गुरुजी गावोगावी सभा घेत फिरले आणि 1 मे 1947 रोजी पंढरपुरात उपोषणाला बसले. गुरुजी मनापासून देव मानणारे होते. भाविकांची मनं वळावीत म्हणून त्यांनी आपला प्राण पणाला लावला. 10 मे रोजी मंदिर अस्पृश्यांना खुलं करण्याचं मान्य झालं, तेव्हाच त्यांनी उपोषण सोडलं.