कार्ड कुणाच्या नावाचे?

२००९ साली चारू खुराणा या मेकअप कलाकाराने मुंबईच्या ‘सिने कॉस्च्युम मेकअप आर्टिस्ट्स अँड हेअर ड्रेसर्स असोसिएशन’कडे सभासदत्वासाठी अर्ज केला. अमेरिकेतल्या सिनेमा मेकअप स्कूलमधून त्या रीतसर शिकून आल्या होत्या. अर्ज नामंजूर झाला. संघटनेने लेखी कळवले, त्याचा मतलब असा : आजवर आम्ही एकाही बाईला मेकअपचे कार्ड दिलेले नाही, ते पुरुषांनाच मिळते, कारण मेकअपमनच्या रोजीरोटीवर गदा येता कामा नये. बायकांसाठी हेअरड्रेसरचे कार्ड आहे. शिवाय महाराष्ट्रात पाच वर्षे वास्तव्य हवे, अशीही अट नियमावलीत होती.

ही दुसरी अट आपल्या रायगडातल्या पेण-रोह्याच्या मुलीला कधीच नडली नसती. तिच्या आजोबा-पणजोबांचे सातबारे इथले. दिवा-रोहा गाडीत बसली की दोन-अडीच तासांत ती मुंबईच्या उंबरठ्यावर. अडली असती ती पहिल्याच अटीवर, बाई म्हणून. हे तिला पटवणेही अवघड गेले असते. पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपतीच्या कारखान्यांत बायका वर्षभर रंगकाम करतात, हिरे लावतात, फेटे बांधतात. स्थिर हाताच्या बाईला डोळ्यांच्या आखणीलाही बसवतात. देवाच्या चेहऱ्याला ज्या हाताचा रंग चालतो, तो हात नटाच्या चेहऱ्याला का चालू नये, याचे उत्तर या तालुक्यात कुणालाही देता आले नसते. मुंबईत मात्र ते नियमावलीत छापलेले होते, आणि १९५५ सालापासून ते कुणी खोडले नव्हते.

हे दार बंद होते, पण पडद्याचे दार बायकांसाठी १९५५च्याही चाळीस वर्षे आधी उघडले होते. या दोहोंमधले अंतर समजून घ्यायचे तर सुरुवातीपासून पाहावे लागते.

‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ सालचा. दादासाहेब फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळेना, म्हणून अण्णा साळुंके या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या तरुणाला साडी नेसवली गेली. ही गोष्ट शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. पण त्याच कारखान्यात एक बाई रात्रंदिवस काम करत होती. तिचे नाव सरस्वतीबाई फाळके. त्यांनी दागिने गहाण पडू दिले, फिल्मला छिद्रे पाडायला आणि रसायनांत फिल्म धुवायला शिकून घेतले, आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही सांभाळला. आजच्या भाषेत त्या लॅब टेक्निशियन, निर्मिती व्यवस्थापक आणि केटरर अशा तिन्ही खात्यांच्या प्रमुख होत्या. श्रेयनामावलीत त्यांना जागा मिळाली नाही. परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ने २००९ साली त्यांना पडद्यावर आणले तेव्हा अनेकांना त्यांची पहिल्यांदा ओळख झाली. भारतीय सिनेमातली पहिली तंत्रज्ञ बाई मराठी होती आणि ती बिनपगारी होती. आपण पहिल्या नटीचे नाव घेतो, त्याच्या आधी हे नाव घेतले पाहिजे, असे मला वाटते.

पहिल्या नट्याही मराठीच. फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये, त्याच १९१३ साली, दुर्गाबाई कामत आणि त्यांची तेरा वर्षांची मुलगी कमला या दोघी उभ्या राहिल्या. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या दुर्गाबाईंना लेक जगवायची होती. नाटकात उतरल्या म्हणून समाजाने आधीच वाळीत टाकले होते, आता गमावण्यासारखे काही उरले नव्हते. कमलाबाई गोखले पुढे चंद्रकांत गोखले यांच्या आई आणि विक्रम गोखले यांच्या आजी म्हणून ओळखल्या गेल्या. त्यांची स्वतःची कहाणी त्यांच्याच तोंडून नोंदवून ठेवली रीना मोहन या संकलक-दिग्दर्शिकेने, १९९१च्या ‘कमलाबाई’ या माहितीपटात.

पुढच्या वीस वर्षांत चित्र पालटले. दुर्गा खोटे यांच्यासारखी प्रतिष्ठित घरातली शिकलेली बाई १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’त तारामती झाली आणि सिनेमात काम करणे म्हणजे नाव घालवणे, हा समज हळूहळू सैल पडत गेला. पण कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याची मुभा मिळाली, तरी कराराच्या कागदापुढे बाईला बरोबरीने बसवले गेले का? या प्रश्नाचे उत्तर ज्या बाईने सगळ्यांत मोठ्या आवाजात मागितले, तिच्यापाशी जरा थांबू.

शांता आपटे. १९३७च्या ‘कुंकू’मधली नीरा. म्हाताऱ्या नवऱ्याशी फसवून लावलेले लग्न मान्य न करणारी ही मुलगी लोकांनी डोक्यावर घेतली. ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवरचा, व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट प्रभातचे भूषण ठरला. दोनच वर्षांनी, जुलै १९३९मध्ये, हीच नटी पुण्यात प्रभात स्टुडिओच्या फाटकाशी उपोषणाला बसली. वाद कराराचा आणि पगाराचा होता. स्टुडिओच्या त्या जमान्यात नट-नट्या महिन्याच्या पगारावर बांधलेल्या असत, बाहेर काम करायची परवानगी नसे, आणि अटी ठरवणारा एकच पक्ष असे. नामवंत नटी फाटकाबाहेर उपाशी बसली आहे, हे दृश्य पुण्याने कधी पाहिले नव्हते. वर्तमानपत्रांना मोठी बातमी मिळाली. काहींनी तिला आक्रस्ताळी म्हटले. पडद्यावरच्या नीरेने नवऱ्याच्या घरात जे केले, तेच शांताबाई मालकाच्या दारात करत होत्या, एवढे ध्यानात घ्यायला हवे होते.

त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. १९४०मध्ये त्यांचे ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक आले. आठवणी आणि किस्से सांगणारे ते पुस्तक नव्हे. सिनेमाचा धंदा कसा चालतो, पैसा कुणाचा, मेहनत कुणाची, नफा कुठे जातो, नव्या मुलीने आत पाऊल टाकण्याआधी काय तपासावे, हे त्यांनी मांडले. नटी ही राबणारी कामगार आहे, असे एका मराठी नटीने १९४०मध्ये छापून ठेवले होते. या पुस्तकाला आपण चळवळीच्या इतिहासात जागा दिली नाही. नृत्य-अभिनयाच्या शिबिरांना जाणाऱ्या गावोगावच्या मुलींच्या हातात आधी हे पुस्तक पडावे, असे मला मनापासून वाटते.

शांताबाईंनी मालकाकडे जे मागितले, ते अभिनेत्री हंसा वाडकरांना घरातल्याच माणसांकडून मिळाले नाही. त्यांचे आत्मकथन ‘सांगत्ये ऐका’ १९७०मध्ये पुस्तकरूपाने आले. त्याच नावाच्या १९५९च्या चित्रपटाने पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे मुक्काम केला होता. ज्या बाईचा चेहरा पाहायला लोक अडीच वर्षे रांगा लावत होते, तिला स्वतःच्या कमाईवर हक्क नव्हता, हे त्या आत्मकथनातून कळते तेव्हा मन सुन्न होते. श्याम बेनेगल यांनी १९७७मध्ये त्यावरून ‘भूमिका’ काढला आणि स्मिता पाटील यांनी तो जगून दाखवला.

पडद्यामागे मात्र शुकशुकाट होता. अपवाद वेशभूषेचा. कोल्हापूरच्या भानुमती राजोपाध्ये, म्हणजे पुढच्या भानु अथैया, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून शिकून निघाल्या, नियतकालिकांसाठी फॅशनची चित्रे काढता काढता सिनेमात आल्या, आणि ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी १९८३च्या सोहळ्यात त्यांना जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळाले. भारताचे ते पहिले ऑस्कर. कपडेपट, मेकअप आणि केस ही सिनेमाची शेजारशेजारची कामे, आणि त्यांची संघटनाही एकच. एका कामातल्या मराठी बाईने जगातला सर्वोच्च मान आणला, आणि शेजारच्या कामात बाईला कार्ड मिळायला आणखी ३१ वर्षे लागली.

दिग्दर्शनाकडे बायका आपापल्या वाटेने पोचल्या. सई परांजपे ‘स्पर्श’ घेऊन आल्या. विजया मेहतांनी ‘रावसाहेब’ केला. कांचन नायक यांनी १९८९मध्ये ‘कळत नकळत’ दिग्दर्शित केला, त्याच्या निर्मात्या स्मिता तळवलकर. सुमित्रा भावे तर समाजकार्यातून आल्या. वस्तीतल्या बाईची गोष्ट सांगायला संशोधन-अहवाल अपुरा पडतो, असे वाटून चाळिशी ओलांडल्यावर त्यांनी ‘बाई’ हा लघुपट केला आणि तिथून ‘दोघी’, ‘वास्तुपुरुष’, ‘देवराई’ असे करत २०१६च्या ‘कासव’साठी सुनील सुकथनकर यांच्यासह सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळवले. ही नावे अभिमानाने घ्यावीत अशीच आहेत. पण त्यातली बहुतेक शहरातली, शिकलेल्या घरांतली आहेत. स्वतःचे युनिट उभे करणाऱ्या बाईला संघटनेचे कार्ड मागत दारोदार फिरावे लागत नाही. ते फिरणे हातात ब्रश, कंगवा, इस्त्री किंवा केबल घेऊन काम करणाऱ्या बाईच्या वाट्याला येते.

म्हणून मला चारू खुराणा यांचा खटला इतका महत्त्वाचा वाटतो. कार्डाविना काम करताना पकडले तर दंड होई. तपासणीला माणसे आली की काही जणी व्हॅनिटी व्हॅनमध्ये दडून बसत. शिकलेल्या, हुन्नर असलेल्या बायका आपल्याच कामाच्या जागी लपत होत्या. खुराणा आणि त्यांच्या सहकारी थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या. न्यायमूर्ती दीपक मिश्रा आणि न्यायमूर्ती उदय लळित यांच्यापुढे सुनावणी झाली. १० नोव्हेंबर २०१४ रोजी निकाल आला : बाईला मेकअपपासून दूर ठेवणारी आणि वास्तव्याची, अशा दोन्ही अटी रद्द. १९२६चा ट्रेड युनियन कायदा सभासद होताना बाई-पुरुष असा भेद करत नव्हता, मग नियमावली तो कसा करू शकत होती? राज्यघटनेचे कलम १४ समानता देते, १९ उपजीविकेचे स्वातंत्र्य देते, २१ सन्मानाने जगण्याचा हक्क देते. अर्जदारांना चार आठवड्यांत सभासद करून घ्या, आणि कुणी आडकाठी केली तर पोलिसांनी लक्ष घालावे, असेही न्यायालयाने सांगितले.

कार्डाने कामाचे दार उघडले. आत गेल्यावर कसे वागवले जाते, हा पुढचा प्रश्न २०१८मध्ये ‘मी टू’च्या लाटेने चव्हाट्यावर आणला. केरळात तो आधीच पेटला होता. तिथल्या ‘विमेन इन सिनेमा कलेक्टिव्ह’च्या रेट्यामुळे २०१७मध्ये न्यायमूर्ती हेमा यांची समिती नेमली गेली, २०१९च्या अखेरीस अहवाल सादर झाला, आणि तो लोकांसमोर यायला १९ ऑगस्ट २०२४ उजाडला. साडेचार वर्षे कपाटात पडलेल्या त्या अहवालात लैंगिक छळाच्या गोष्टींइतकेच साधे तपशील बोचतात : लोकेशनवर स्वच्छतागृह नाही, कपडे बदलायला आडोसा नाही, लेखी करार नाही. मराठी सिनेमासाठी असा अहवाल कुणी केलेला नाही. तो व्हायला हवा, आणि सरकारची वाट न पाहता कलाकार-तंत्रज्ञांच्या संघटनांनी तो मागायला हवा.

तोवर हातात कायदा आहे, २०१३चा, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा. तो मुंबईपुरता नाही, पेण-रोह्यालाही लागू आहे, आणि इथेच त्याची खरी गरज आहे. रायगड जिल्ह्यात कर्जतच्या स्टुडिओपासून अलिबागच्या किनाऱ्यापर्यंत शूटिंग चालते. शूटिंगचे शेत, वाडा, भाड्याचे घर, इतकेच काय, युनिटला नेणारी-आणणारी गाडीसुद्धा या कायद्याने कामाची जागा ठरते. रोजंदारीवरची, ठेकेदारामार्फत आलेली, बिनपगारी शिकाऊ मुलगी, सगळ्या त्याच्या संरक्षणाखाली येतात. दहा किंवा अधिक माणसे असतील तर मालकाने अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे. अध्यक्ष बाई, किमान निम्म्या सदस्य बाया, एक सदस्य बाहेरचा. न नेमल्यास पन्नास हजारांपर्यंत दंड. युनिट दहापेक्षा लहान असेल, किंवा तक्रार खुद्द निर्मात्याविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी, अलिबागला खेटे घालायची गरज नसावी म्हणून प्रत्येक तालुक्यात एक नोडल अधिकारी नेमायचा असतो. त्याने तक्रार सात दिवसांत समितीकडे पोचवायची, तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची, चौकशी नव्वद दिवसांत संपवायची.

कागदावर हे दहा वर्षांहून अधिक काळ आहे. तरीही, गोव्यातल्या एका खटल्यातून निघालेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर २०२४मध्ये सगळ्या राज्यांना पुन्हा बजावावे लागले, की जिल्हा अधिकारी, स्थानिक समित्या आणि तालुक्याचे नोडल अधिकारी आधी नेमा तरी.

त्याच वर्षी मे महिन्यात पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ या चित्रपटाला कान महोत्सवात ग्राँ प्री मिळाले. त्यात मुंबईत राबून थकलेल्या पार्वतीचे घर सुटते, आणि ती रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परतते. पार्वतीची भूमिका छाया कदम यांनी केली आणि त्या सोहळ्याला आईची साडी आणि नथ लेवून गेल्या. मुंबईहून रत्नागिरीला जाणारी गाडी पेण आणि रोहा ओलांडूनच पुढे कोकण रेल्वेला लागते. या मार्गावरच्या मुली आता फक्त पडद्यावर दिसण्यासाठी मुंबईला जात नाहीत. मेकअप शिकून, कॅमेरा-एडिटिंगचे कोर्स करून, मालिकांच्या सेटवर सहायक म्हणून त्या लागतात. पेमेंट नव्वद दिवसांनी, शिफ्ट बारा-बारा तासांची, रात्री शेवटची गाडी चुकली तर मैत्रिणीच्या खोलीवर. यातले काहीही कायद्याने आपोआप सुटत नाही, पण लेखी करार मागायचा, कार्ड आपल्या नावाचे काढायचे, समितीत कोण कोण आहे ते पहिल्या दिवशी विचारायचे, एवढे तरी त्यांनी शिकून निघावे. ते त्यांना घरच्यांनी आणि शिबिरे घेणाऱ्यांनी शिकवावे.

आणि आपल्याकडूनही एक गोष्ट होण्यासारखी आहे. पेण किंवा रोहा तालुक्यात शूटिंगची परवानगी मागायला प्रॉडक्शनची माणसे ग्रामपंचायतीत आणि पोलीस ठाण्यात येतात. जागामालकाचे संमतीपत्र, युनिटची यादी, जनरेटर आणि गाड्यांचा तपशील दाखवतात. त्याच गठ्ठ्यात अंतर्गत समितीच्या आदेशाची प्रत मागावी. लहान युनिट असेल, तर तालुक्याच्या नोडल अधिकाऱ्याचे नाव आणि फोन नंबर जेवणाच्या मांडवात ठळक अक्षरांत लावायला सांगावे. असा ठराव करायला ग्रामसभेला कुणाची परवानगी लागत नाही. येत्या ग्रामसभेत तो मांडता येईल.