टाकी ‘बीपीए-फ्री’ आहे, पण कशाची आहे?

वॉटर प्युरिफायर घ्यायला गेलं की विक्रेता फिल्टरचे टप्पे बोटांवर मोजून दाखवतो. टाकीचा विषय निघालाच, तर ‘फूड ग्रेड आहे, बीपीए-फ्री आहे’ एवढ्यावर आटोपतो. शुद्ध झालेलं पाणी मात्र तासन्‌तास त्या टाकीतच पडून असतं.

गैरसमज : ‘बीपीए-फ्री’ म्हणजे रसायनमुक्त

बीपीए, म्हणजे बिस्फेनॉल ए, हे मुख्यतः पॉलिकार्बोनेट हे पारदर्शक, कडक प्लास्टिक आणि इपॉक्सीचे लेप बनवायला लागतं. ऑफिसात उलटा बसवलेला २० लिटरचा जार अनेकदा पॉलिकार्बोनेटचा असतो. घरगुती प्युरिफायरची टाकी बहुधा एबीएस प्लास्टिकची असते आणि एबीएस बनवायला बीपीए लागतच नाही. मग ही पाटी म्हणजे शेंगदाणा तेलाच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉल नाही’ असं छापण्यासारखंच. खरं, पण काहीच न सांगणारं! एबीएसबाबत विचारायला हवं ते वेगळंच : त्यातलं स्टायरिन किंवा अ‍ॅक्रिलोनायट्राइल पाण्यात उतरतं का? शिवाय बीपीए काढून त्याचंच भावंड असलेलं बीपीएस वापरलं, तरी पाटी खरीच राहते.

बीपीएची धास्ती मात्र उगाच नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये रोजच्या सेवनाची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ४ मायक्रोग्रॅमवरून ०.२ नॅनोग्रॅमवर, म्हणजे २० हजार पटींनी खाली आणली.

गैरसमज : तळाशी ७ आकडा दिसला की वस्तू घातक

त्रिकोणातला ७ म्हणजे ‘इतर’. त्यात पॉलिकार्बोनेट येतं, तसंच बीपीए नसलेली कितीतरी प्लास्टिकंही येतात. उपयोगी आकडे आहेत २ आणि ५ : एचडीपीई आणि पॉलिप्रोपिलीन. दोन्हींत बीपीए नसतं.

गैरसमज : ‘फूड ग्रेड’ छापलंय म्हणजे तपासणी झाली

छापायला शाई पुरते. आपल्याकडे खाद्यपदार्थांशी संपर्कात येणाऱ्या पॉलिइथिलीनसाठी आयएस १०१४६, पॉलिप्रोपिलीनसाठी आयएस १०९१० ही मानकं आहेत आणि प्लास्टिकमधून एकूण किती द्रव्य झिरपतं, हे आयएस ९८४५ या पद्धतीने मोजतात. त्याची मर्यादा आहे लिटरमागे ६० मिलिग्रॅम. ही गोळाबेरीज आहे. त्यात नेमकं कोणतं रसायन, हे तिच्यातून कळत नाही. म्हणून आरओ यंत्रांसाठीचं एनएसएफ ५८ हे प्रमाणपत्र असेल तर उत्तम. त्यात पाण्यात काय उतरतं याचीही चाचणी असते. मात्र ते कंपनीच्या नावावर नव्हे, त्या मॉडेलवर हवं.

गैरसमज : स्टील किंवा तांबं घेतलं की काळजी मिटली

स्टीलमध्ये ३०४ हा ग्रेड चांगला. स्वस्त २०२ मध्ये निकेल कमी, मँगनीज जास्त आणि गंज लवकर. लोहचुंबक लावून बघण्याची युक्ती इथे चालत नाही, कारण सहसा दोन्हींना तो चिकटत नाही. तांब्याचं म्हणाल, तर आरओचं पाणी क्षार काढलेलं आणि थोडं आम्लधर्मी असतं. ते धातू जास्त ओढून घेतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तांब्याची इष्ट मर्यादा लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम आहे, पर्यायी स्रोत नसल्यास १.५. आणि टाकी कितीही चांगली असली तरी नळ पितळेचा असेल, तर त्यातून शिसं येऊ शकतं. नळाची चौकशी कुणीच करत नाही.

माझ्या मते घरात खरी गफलत रसायनांपेक्षा शिळ्या पाण्याची होते. कार्बन फिल्टर क्लोरीन काढून टाकतो, त्यामुळे साठलेल्या पाण्यात जंतूंना अटकाव राहत नाही आणि टाकीच्या आत बुळबुळीत थर धरतो. गावाहून परतलात की टाकी पूर्ण रिकामी करून मगच पाणी प्या. स्वच्छतेसाठी प्लास्टिकच्या टाकीत उकळतं पाणी मात्र ओतू नका. उष्णतेने झिरपणं वाढतं.

विकत घेताना टाकी आणि नळ कशाचे आहेत, हे लेखी मागा. दुकानात चाचणी अहवाल नसेल, तर मॉडेल नंबर देऊन कंपनीला ईमेल करा आणि उत्तर येईपर्यंत पैसे देऊ नका.