नमुन्याची कुळकथा

पदार्थांच्या बळाचा आढावा हूकपासून सुरू करण्याची प्रथा आहे. हूक, यंग, कॉशी ही मंडळी वाचकांच्या परिचयाची असल्याने इथे थेट ऑगस्ट वोलरकडे वळायला हरकत नाही. 1842 साली व्हर्सायजवळ इंजिनाची आस तुटून भीषण अपघात झाला आणि धडधाकट दिसणारे लोखंड एकाएकी का तुटते, हा प्रश्न युरोपातल्या रेल्वेंना छळू लागला. तर्क पुष्कळांनी लढवले. प्रशियातल्या या रेल्वे अभियंत्याने मात्र आधी मोजले. धावत्या गाडीखाली आस प्रत्यक्षात किती वाकते हे टिपणारी साधने त्याने स्वतः तयार केली, आसांना पुन्हा पुन्हा वाकवणारी यंत्रे बांधली आणि 1870 पर्यंतच्या निष्कर्षांतून दाखवून दिले की, एका मोठ्या भारापेक्षा सतत खालीवर होणारा ताण धातूला थकवतो.

आज त्याच्या नावाने शिकवला जाणारा आलेख वोलरने काढलाच नव्हता. त्याने तक्ते छापले. क्रुपचे पोलाद की फिनिक्सचे लोखंड, ताण किती, तुटेपर्यंत फेऱ्या किती, अशा ओळींमागून ओळी. नंतरच्यांनी त्या ओळींचे ठिपके केले, ठिपक्यांतून रेषा ओढली आणि रेषेवर पोलादाचे मूळ गाव उरले नाही. प्रस्तुत लेखकाचा जुना आग्रह इथूनच सुरू होतो: मोजलेल्या आकड्याबरोबर नमुन्याची कुळकथा आलीच पाहिजे.

हा आग्रह सनातनी वाटतो, असे म्हणणारे सहकारी आहेत. त्यांनी ग्रिफिथकडे पाहावे. फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रातल्या या तरुणाने 1920च्या सुमारास काचेचे धागे ओढले. साधारण एक मिलिमीटर जाडीच्या काडीच्या तुलनेत तीन-साडेतीन मायक्रोमीटरचा धागा जवळपास 20 पट ताण सोसत होता. काचेत आधीपासून असलेल्या सूक्ष्म भेगा तिचे बळ ठरवतात, हा सिद्धान्त पुस्तकांत गेला. त्याच प्रयोगातली दुसरी नोंद मात्र क्वचितच शिकवली जाते. नुकताच ओढलेला धागा सर्वांत बळकट असे आणि काही तासांत त्याचे बळ उतरे. म्हणजे काच तीच, जाडी तीच, तरी सकाळचा आकडा आणि संध्याकाळचा आकडा वेगळा. धागा कधी ओढला हे लिहिले नसेल, तर त्या आकड्याचा अर्थच लागत नाही.

कॉमेट विमानाची कथा तर यासाठीच पुन्हा पुन्हा सांगायला हवी. 1954च्या जानेवारीत एल्बाजवळ आणि एप्रिलमध्ये नेपल्सजवळ दोन कॉमेट आकाशात फुटली. कारखान्यात विमानाच्या सांगाड्याच्या भागावर हजारो वेळा दाब देऊन चाचणी झालेली होती आणि तो भाग टिकला होता. चौकशीत फार्नबरोला पाण्याच्या टाकीत ठेवलेल्या विमानाचा सांगाडा मात्र प्रत्यक्ष आणि कृत्रिम उड्डाणे मिळून 3,057व्या फेरीला फाटला, तोही कापलेल्या खिडकीच्या कोपऱ्यापाशी. दोन चाचण्यांत एवढी तफावत का? कारखान्यातल्या त्या तुकड्यावर आधी नेहमीच्या दुप्पट दाब देऊन पाहिला होता. त्या दाबाने कोपऱ्यांवरचा धातू किंचित ताणला गेला, दाब उतरल्यावर तिथे आतून दाबणारा ताण शिल्लक राहिला आणि थकव्याविरुद्ध त्या तुकड्याला जणू कवच मिळाले. प्रवासी घेऊन उडणाऱ्या विमानांना हे कवच नव्हते. मोजमाप अचूक होते, पण मोजलेला तुकडा वेगळ्या इतिहासाचा होता.

मधल्या टप्प्यांची नोंद पुरेशी आहे. 1938 साली अमेरिकेत दोन ठिकाणी स्वतंत्रपणे चिकटवायचा स्ट्रेन गेज आला, 1956 साली टर्नर, क्लफ आणि सहकाऱ्यांच्या लेखाने फायनाइट एलिमेंटची वाट मोकळी केली, 1957 साली अर्विनने भेगेच्या टोकावरचा ताण एका संख्येत बांधला. त्याच संख्येवरून भेग किती वेगाने वाढेल हे सांगणारा पॉल पॅरिसचा लेख नामवंत नियतकालिकांनी परत पाठवला. तो 1961 साली विद्यापीठाच्या एका अंकात छापून आला आणि आज विमानांच्या तपासणीचे वेळापत्रक त्याच्याविना आखले जात नाही.

दामोदर धर्मानंद कोसंबी मात्र घाईने ओलांडता येत नाहीत. गोव्यात जन्मलेल्या आणि फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणाऱ्या कोसंबींनी 1943 साली यादृच्छिक फलनांचे मोजक्या घटकांत विघटन करण्याची पद्धत मांडली. कारहुनेन आणि लोएव्ह यांनी ती पुढे स्वतंत्रपणे दिली आणि नाव त्यांचे झाले. प्रवाहाच्या किंवा कंपनाच्या लाखो आकड्यांतून चार-पाच मुख्य आकार काढणारी आजची मॉडेल याच कुळातली. हेच कोसंबी आहत नाणी एकेक करून तराजूत तोलत होते. चलनात फिरून चांदी झिजते, मागच्या बाजूचे ठसे वाढतात, आणि सरासरी वजन त्याप्रमाणे घटत जाते. झिजेतून त्यांनी नाण्याचा काळ वाचला. नमुन्याचा इतिहास मोजमापातून कसा वाचावा, याचा याहून सुंदर नमुना शोधून सापडणार नाही.

आता मशीन लर्निंग. 1991 साली गाबूसी आणि सहकाऱ्यांनी काँक्रीटचे वर्तन न्यूरल नेटवर्कला शिकवले. 2019नंतर भौतिकीचे नियमच शिकवणीत गुंफणारी नेटवर्क गाजली. ही वाट खरोखर मोलाची आहे. आक्षेप आहे तो तिला पुरवल्या जाणाऱ्या खाद्याबद्दल. थकव्याच्या चाचणीत एक कोटी फेऱ्यांनंतरही न तुटलेला नमुना उतरवून ठेवतात. गोळा केलेल्या तक्त्यात तो ‘एक कोटीला तुटला’ असा शिरला किंवा गाळलाच गेला, तर मॉडेल धातूबद्दल खोटे शिकते. उष्णतेची प्रक्रिया, पृष्ठभागाची घासाई, आधीचा भार हे रकाने बहुधा रिकामेच असतात.

एके काळी प्रयोगशाळेच्या रजिस्टरात हे सगळे शाईने लिहिले जाई आणि अर्धवट नोंद सर परत करत. आज अनेक महाविद्यालयांत नमुने ताणून-दाबून तपासणारे यंत्र (यूटीएम) वर्षातून प्रात्यक्षिकापुरतेच सुरू होते आणि प्रबंधात रंगीत कंटूर प्लॉट चिकटवले जातात. ही घसरण थांबवण्याची साधने आता जुन्या पिढीहून अधिक आहेत. पांढऱ्या रंगावर काळे ठिपके फवारून कॅमेऱ्याने विकृती मोजण्याची, 1982 साली साउथ कॅरोलायनात सुरू झालेली पद्धत चांगल्या परिस्थितीत पिक्सेलच्या शंभराव्या भागापर्यंत पोहोचते. तिची मूळ छायाचित्रे, न तुटलेल्या नमुन्यांची यादी आणि रजिस्टरची पाने प्रबंधासोबत जमा करण्याची सक्ती विद्यापीठांनी येत्या वर्षापासूनच करावी.