बघे उदंड, गिऱ्हाईक मोजकं

नागपूरच्या डॉली चायवाल्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये एका पाहुण्याला चहा पाजला. पाहुणा होता बिल गेट्स. डॉलीला मात्र पत्ताच नव्हता. कुणीतरी परदेशी माणूस आलाय, एवढंच त्याला वाटलं. त्यातही गंमत अशी की तो चहा उकळला हैदराबादेत. टपरी नागपूरच्या सदरला, चहा तिकडे आणि बघणारे जगभर!

बघणारे पटकन जमतात, पण ते टिकतीलच असं नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये दिल्लीच्या मालवीय नगरमधल्या ‘बाबा का ढाबा’चे म्हातारे मालक धंदा नाही म्हणून एका व्हिडिओत रडताना दिसले. दुसऱ्या दिवशी ढाब्यापुढे ही रांग! डिसेंबरात त्यांनी चक्क रेस्टॉरंट थाटलं. फेब्रुवारीत ते बंद पडलं आणि बाबा पुन्हा आपल्या जुन्या टपरीवर.

ठाण्याच्या माझ्या मावशीला हे गणित कुणी शिकवायला लागलं नाही. दिवाळीच्या तोंडावर तिने भाजणीच्या चकल्यांचं रील टाकलं. सोऱ्यातून सुटणारा चौथा वेढा, कढईतला बुडबुडा, सगळं छान. टोरंटोहून कमेंट आली, ‘तोंडाला पाणी सुटलं!’ सुटलं, पण ऑर्डर कुठाय? ती आली सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून, बी विंगमधून. दोन किलो.

व्हॉट्सअॅपचीही एक खोच आहे. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप पोचतो. म्हणून हुशार विक्रेता पिशवीतल्या चिठ्ठीवर आधी ‘नंबर सेव्ह करा’ लिहितो, मग ‘धन्यवाद’. रत्नागिरी-देवगडचे कित्येक बागायतदार आंब्याच्या दिवसांत याच वाटेने थेट घरी पेटी धाडतात. पेंढ्यात निजलेल्या हापूसचा एक फोटो, खाली डझनाचा भाव. भाव लिहिलेला असतो हे विशेष! नाहीतर साड्यांच्या पोस्टखाली ‘प्राइस?’ विचारलं की उत्तर येतं, ‘इनबॉक्स बघा ताई’. अहो, इथेच सांगा की.

इन्स्टाग्राम रील्स भारतात आले जुलै २०२० मध्ये. टिकटॉकवर बंदी येऊन जेमतेम काही दिवस झाले होते. इन्स्टाग्रामवर बिझनेस खातं केलं की बरीचशी गाजलेली गाणी लावता येत नाहीत, हक्कांची भानगड. माझ्या मते बरंच झालं. चकली मोडल्याचा आवाज कुठल्याही हिट गाण्यापेक्षा जास्त भूक लावतो.

हॅशटॅगची कल्पना ख्रिस मेसिना यांनी ऑगस्ट २००७ मध्ये ट्विटरवर मांडली, तेव्हा कंपनीला ती फारशी रुचली नव्हती. आज कोपऱ्यावरची पार्लरवालीसुद्धा मेंदीच्या फोटोखाली हॅशटॅग लावते. आणि भाजीच्या गाडीवर टांगलेला तो क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानात जन्मला, मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवायला!

या सगळ्यात माझ्या लाडक्या म्हणजे नगरजवळच्या सारोळा कासारच्या सुमन धामणे, म्हणजेच ‘आपली आजी’. शाळेचं तोंड न पाहिलेल्या. नातवाने पावभाजी मागितली आणि यूट्यूबवर ती कशी करतात ते दाखवलं. आजींना वाटलं, याहून चांगली तर मीच करेन. झालं, चॅनल सुरू! पुढे बघणाऱ्यांनी त्यांचे घरचे मसालेही विकत घेतले. झगमगीत स्वयंपाकघर नाही, कॅमेऱ्यापुढचं लाडिक बोलणं नाही. नातवाला सांगावं तसं सांगणं.

मावशीचं म्हणाल तर तिची सगळ्यात चाललेली पोस्ट रील नव्हतीच. धनत्रयोदशीला तिने स्टेटस ठेवलं, ‘चकल्या संपल्या’. फोटोत रिकामा डबा, तळाशी थोडा चुरा. अर्ध्या तासात नऊ मेसेज. पहिला बी विंगचा, ‘काकू, माझं अर्धा किलोचं बघा ना काहीतरी!’