गळते ते तेल, दुखणे मात्र वेगळेच!
फोर-व्हील ड्राइव्ह वाहनाच्या पुढील ॲक्सलचे सील निवडताना आणि बसवताना...

प्रतिनिधी

पावसाळी भटकंतीहून परतलेली जिप्सी इमारतीच्या वाहनतळात उभी राहते आणि दोन दिवसांनी पुढच्या चाकाच्या आतील बाजूस काळपट तेलाचा डाग दिसू लागतो. गॅरेजमध्ये 'ऑइल सील गेले' असे निदान होते. नवे सील बसते. मात्र महिनाभरात डाग पुन्हा उमटतो! अशा वेळी नव्या सीलला किंवा मेकॅनिकला दोष देऊन वाहनमालक मोकळा होतो. प्रत्यक्षात सील कशामुळे गेले, हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो.

मारुती जिप्सी १९८५ मध्ये भारतीय रस्त्यांवर आली आणि सामान्य ग्राहकांसाठी तिचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. हौशी भटक्यांनी जपलेल्या अनेक गाड्या आज जुन्या झाल्या आहेत. त्यामुळे सीलचा हा प्रश्न त्यांच्या मालकांना कधी ना कधी गाठतोच.

सीलचे काम काय?

जिप्सीच्या पुढील ॲक्सलमध्ये डिफरन्शियल असते आणि त्यात गिअर ऑइल असते. तेथून दोन्ही चाकांकडे शाफ्ट जातात. चाक वळवणाऱ्या सांध्याला 'नकल' म्हणतात. त्यात तेल नव्हे, तर घट्ट ग्रीस भरलेले असते. ॲक्सलच्या नळीच्या टोकाशी असलेले आतील सील गिअर ऑइलला नकलमध्ये येऊ देत नाही. नकलच्या मागील गोलाकार भागावरचे मोठे सील बाहेरचा चिखल आणि पाणी अडवते.

नकलमधून पातळ, ग्रीसमिश्रित तेल ओघळत असेल, तर आतील सील निकामी झाले असे समजावे. ग्रीस दुधाळ दिसत असेल, तर पाणी आत शिरले आहे. दुर्लक्ष केल्यास डिफरन्शियलमधील तेल घटते आणि महागडे गिअर झिजतात. तेल ब्रेकच्या डिस्कपर्यंत पोहोचले, तर घाट उतरताना ब्रेक अपुरे पडण्याचा धोका संभवतो.

आधी कारण शोधा

पहिला संशय ब्रीदरवर घ्यावा. ॲक्सल तापला की आतील हवा प्रसरण पावते. ती बाहेर जाण्यासाठी ॲक्सलवर ब्रीदर हे छोटे तोंड असते. ते चिखलाने बुजले, तर आतील दाब सीलमधून तेल बाहेर ढकलतो. दुसरे कारण झिजलेल्या शाफ्टचे. सीलची रबरी कड वर्षानुवर्षे एकाच जागी घासल्याने तेथे खाच पडते. शाफ्टवर नख फिरवून ते अडते का, हे पाहावे. अडत असेल, तर नवे सीलही फार काळ टिकणार नाही. खाचेवर पातळ स्लीव्ह चढवणे किंवा शाफ्ट बदलणे हाच उपाय. तिसरे कारण म्हणजे शाफ्टला आधार देणारे बुश झिजणे. त्यामुळे शाफ्ट किंचित लवतो आणि सीलवर एकाच बाजूने भार येतो.

निवड कशी करावी?

जुन्या सीलवर बहुधा तीन आकडे कोरलेले असतात : आतील व्यास, बाहेरील व्यास आणि जाडी, तेही मिलिमीटरमध्ये. मात्र आकडे जुळले म्हणजे सील जुळलेच असे नाही. कडांची संख्या आणि रचना यांतही फरक असतो. त्यामुळे चॅसिस क्रमांकावरून पार्ट नंबर निश्चित करावा. सीलवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असल्यास डावे-उजवे तपासून घ्यावे. नायट्राइल रबराचे सील सर्वसाधारण वापरास पुरेसे ठरते. रबर कडक झालेले, वर्षानुवर्षे दुकानात पडून असलेले सील स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

बसवताना...

गाडी केवळ जॅकवर ठेवून काम करू नये. भक्कम स्टँडचा आधार द्यावा. ब्रेकचे कॅलिपर नळीवर लोंबकळत न ठेवता तारेने बांधावे. हब व स्पिंडल काढल्यावर शाफ्ट बाहेर येतो. जुने सील उपसताना त्याच्या बैठकीवर ओरखडा उठू देऊ नये. नवे सील बसवताना स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे, म्हणजे डिफरन्शियलच्या दिशेने ठेवावी. कडेला थोडे ग्रीस लावून, बाहेरील व्यासाएवढ्या सॉकेटच्या साह्याने सील सरळ रेषेत ठोकावे. शाफ्ट आत सरकवताना त्याच्या दातांनी ही नाजूक कड कापली जाण्याचा धोका असतो. सारी मेहनत वाया जाते ती बहुधा येथेच.

नकल खोलले असल्यास वरचे व खालचे शिम आपापल्या जागीच परत जायला हवेत. जुने ग्रीस पूर्णपणे पुसून नवे भरावे. शेवटी ब्रीदर साफ करून, उत्पादकाने सांगितलेल्या दर्जाचे गिअर ऑइल भरण्याच्या छिद्राच्या काठापर्यंत भरावे. त्याहून अधिक नको.

गॅरेजमधून गाडी ताब्यात घेण्यापूर्वी मालकाने दोनच प्रश्न विचारावेत : शाफ्टवर खाच होती का, आणि ब्रीदर तपासला का? या दोहोंची समाधानकारक उत्तरे मिळाली, तर वाहनतळातील तो डाग पुन्हा दिसण्याची शक्यता बरीच कमी होईल.