भावंडं बोलेनाशी होतात तेव्हा

मैत्रिणींनो, तुमच्या घरातली भावंडं एकमेकांशी शेवटचं मनमोकळं कधी बोलली, आठवतंय? ‘चार्जर दे’, ‘दार लाव’ हे सोडून हं!

आम्ही वसईकर. सकाळी चर्चगेटची गाडी गाठायची, संध्याकाळी विरार गाडीत स्वतःला कोंबून घ्यायचं. घरी पोचेतो दिवेलागण उलटून गेलेली. कुकर लावताना मुलांची नुसती हजेरी घ्यायची. थोरली कॉलेजात, धाकटा दहावीत. दोघं झोपतात एकाच खोलीत. पण गेल्या पावसाळ्यात त्यांचा अबोला चालला होता, आणि तो माझ्या ध्यानात यायला तब्बल दोन महिने लागले. घर शांत आहे म्हणून मी आपली सुखावले होते!

त्याच सुमारास लेडीज डब्यातल्या मैत्रिणीनं एक लहानशी कादंबरी वाचायला दिली. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’. २००६ साली आलेली. पुढे २०१३ मध्ये जेरी पिंटोंनी ती इंग्रजीत नेली आणि २०२२ मध्ये स्वतः कुंडलकरांनी तिच्यावर चित्रपट काढला.

पुण्यातलं चारचौघांसारखं घर. आई, बाबा, तीन मुलं. वरच्या खोलीत एक तरुण भाडेकरू येतो. मधला तनय त्याच्यात जीव गुंतवतो, आणि धाकटी अनुजाही. एकाचं दुसऱ्याला ठाऊक नाही. एक दिवस अनुजा त्या तरुणाबरोबर घर सोडून जाते आणि काही महिन्यांनी एकटीच परत येते. अर्धं पुस्तक तनय सांगतो, उरलेलं अनुजाच्या डायरीतून कळतं. त्या भाडेकरूला नावसुद्धा नाही.

विषय ऐकून तुम्ही चपापला असाल. मीही आधी पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं, मग गाडीत उघडलं. पण मला हललं ते निराळ्याच गोष्टीनं. अनुजाचं दुःख निदान घराला दिसतं. तनयचं? त्याचंही माणूस गेलंय, पण रडायची सोय नाही. कुणाला काय म्हणून सांगणार? दोघांचं दुःख एकच आणि दोघं एका छपराखाली परकी. आईबाप वाईट नाहीत हो! त्यांना फक्त काही दिसत नाही. पुस्तक मिटलं आणि वाटलं, ही आई मीच की!

आमच्या घरात असं काही नाट्य नव्हतं. तरी मी दोघांना समोर बसवून ‘बोला बघू’ असा दरबार भरवला नाही. त्यानं अबोला आणखी घट्ट होतो. एका रविवारी भिजवलेले वाल घेऊन बसले आणि दोघांना सोलायला हाक मारली. हात गुंतले की नजरेला नजर द्यावी लागत नाही, हे आपल्या आयांना बरोबर ठाऊक होतं. पहिल्या रविवारी नुसत्या सालांचा ढीग झाला. दुसऱ्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी धाकटा एकदम म्हणाला, “ताईनं माझी वही वाचली आणि सगळ्यांना सांगितली.”

वहीत त्यानं कविता केल्या होत्या. वर्गातल्या एका मुलीवर. ताईनं त्या जेवताना म्हणून दाखवल्या होत्या. मैत्रिणींनो, खरं सांगते, त्या वेळी सर्वांत मोठ्यानं हसले होते मी.

ताईनं मान खाली घातली. मीच आधी म्हटलं, “चुकलं रे माझं.” मग तीही म्हणाली. त्यानं उत्तर दिलं नाही. पण सोललेले वाल तिच्या वाटीत सरकवले. त्या दिवशीचं बिरडं जरा खारटच झालं, कुणी तक्रार केली नाही.

‘कोबाल्ट ब्लू’ तुम्ही वाचाच, मोठ्या मुलांनाही वाचू द्या. शाळकरी मुलासाठी प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’ आणा. आईबाबांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहणारा लंपन त्याला आपलासा वाटेल. आणि मुलांची वही, पत्र, फोन यांतलं काही हाती लागलं, तर त्याचा जेवताना विनोद करू नका. मुलं हसण्यावारी नेल्यासारखं दाखवतात, पण विसरत नाहीत.

आज रात्री घरात फार शांतता वाटली, तर सुखावू नका. वाल भिजत घाला!